पाठशुद्धीची परंपरा आणि संगणकाचा वर्ग

गोदावरीच्या उत्तर तीरावरील पैठण हे महाराष्ट्रातील विद्येचे एक अतिप्राचीन पीठ होय. सातवाहनांची राजधानी असलेल्या या प्रतिष्ठान नगरीचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वृत्तान्तात आढळतो. येथून गाड्यांतून माल भडोच बंदराकडे जात असे, अशी नोंद त्यात आहे. पुढील काळात शास्त्रचर्चेचे स्थान म्हणून या नगरीचा लौकिक झाला व ‘दक्षिण काशी’ हे बिरुद तिला लाभले. याच नगरीत १७ सप्टेंबर २०२१ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, संतपीठाचे उद्घाटन झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे त्याच्या संचालनाची जबाबदारी सोपविण्यात आली आणि संतसाहित्याचा परिचय करून देणारे प्रमाणपत्र अभ्यासक्रम तेथे सुरू झाले. जुन्या विद्येच्या गावी विद्यापीठाने नव्या काळात मांडलेला हा संसार आहे.

आज विद्यापीठीय शिक्षणात संगणक, इंटरनेट व मोबाईल यांचा वापर कसा करावा, हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांपुरता उरलेला नाही. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या पैठणसारख्या तालुक्याच्या गावी, खेड्यांतून एस. टी. ने येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गातही तो उभा आहे. या प्रश्नाचा विचार बहुधा यंत्रांच्या संख्येपासून सुरू होतो. किती संगणक आले, किती वर्गांत पडदे लागले, किती मुलांनी नावे नोंदविली, यांची कोष्टके तयार होतात. ही माहिती आवश्यकच आहे. तथापि या साधनांनी विद्यार्थी स्वतःच्या हाताने काय करू लागला, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात पैठणच्याच तीन विषयांच्या आधारे या प्रश्नाचा अभ्यास मांडला आहे.

पैठणचा जुना धडा

ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मधील. त्यानंतरच्या सुमारे तीन शतकांत तिच्या असंख्य नकला झाल्या. छपाई नसल्याने प्रत्येक नक्कल हाताने होत असे. कोठे नकलकाराची नजर चुकली, कोठे अपरिचित झालेला जुना शब्द बदलला गेला, तर कोठे कोणी भाविकाने स्वतःची ओवी त्यात घातली. पैठणचे संत एकनाथ (१५३३ ते १५९९) यांनी या ग्रंथाच्या प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी घुसडू नये, असेही त्यांनी कडक शब्दांत बजावून ठेवले. मराठीतील पाठचिकित्सेचा हा आद्य आणि थोर नमुना मानला जातो.

या कामाचे टप्पे पाहिले तर ते आजच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडतील असे आहेत. प्रथम साधने मिळविणे, मग ती एकमेकांशी ताडणे, भेद कोठे आहे ते हेरणे, कोणता पाठ का स्वीकारला याचा विचार करणे आणि शेवटी शुद्ध केलेले लोकांच्या हाती देणे. नाथांजवळ बोरू, शाई व कागद होता. आपल्या विद्यार्थ्याजवळ मोबाईल आहे. साधन बदलले, परंतु ताडून पाहण्याची गरज कमी झालेली नाही. उलट माहिती जेवढी वेगाने पसरते तेवढी ती गरज वाढली आहे.

साधने कशी आली

शिक्षणात नवी साधने आणण्याचा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम सुरू केला. उपग्रहाच्या साह्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत पाठ पोहोचविणे हा त्यामागील हेतू होता. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांना पदवीचे दार उघडले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली. त्याच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमाने तालुक्या-तालुक्यांत संगणकाची पहिली ओळख करून दिली. सप्टेंबर २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह अवकाशात सोडण्यात आला.

पुढचा टप्पा इंटरनेटचा. जुलै २०१७ मध्ये केंद्र शासनाने ‘स्वयम्’ हे व्यासपीठ राष्ट्राला अर्पण केले. या व्यासपीठावरील अभ्यासक्रमाची चार अंगे आहेत : चित्रफितीतील व्याख्यान, वाचनाचे साहित्य, शंकासमाधानाची चर्चा आणि स्वतःची परीक्षा. ज्यांच्याकडे इंटरनेट पुरेसे नाही त्यांच्यासाठी ‘स्वयम् प्रभा’ या नावाने ३२ दूरचित्रवाणी वाहिन्याही त्याच सुमारास सुरू झाल्या. २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयम्’मार्फत पूर्ण करून त्यांचे श्रेयांक मिळविण्याची मुभा विद्यापीठांना देता येते. मिळालेले श्रेयांक ‘शैक्षणिक श्रेयांक पेढी’त विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांची जी नवी रचना झाली, तीत कौशल्यविकास, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्र प्रकल्प, समाजसंपर्क आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर जाऊन काम करावे आणि त्या कामाला गुण मिळावेत, अशी सोय त्यामुळे झाली आहे. या लेखातील तिन्ही पाठ त्या चौकटीत सहज बसतात, हे प्राध्यापकांनी ध्यानी घ्यावे.

अडचण कोठे आहे ?

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापन मोबाईलवर आले. त्यापूर्वीच राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत असे दिसून आले होते की, देशाच्या ग्रामीण भागात शंभरांपैकी सुमारे १५ कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती आणि संगणक तर चार-पाच कुटुंबांकडेच होता. त्यानंतर मोबाईलचा प्रसार पुष्कळ वाढला हे खरे. पण घरात मोबाईल आहे याचा अर्थ तो शिकणाऱ्या मुलीच्या हाती आहे असा होत नाही. एकच मोबाईल असेल तर तो सकाळी वडिलांबरोबर शेतावर किंवा बाजारात जातो, संध्याकाळी धाकट्या भावाच्या हाती पडतो आणि मुलीच्या वाट्याला रात्रीचा अर्धा तास उरतो. तासाभराची चित्रफीत पाहणे हाच ज्या अभ्यासक्रमाचा गाभा आहे, तो अशा मुलीसाठी बंदच राहतो.

दुसरी अडचण सवयीची आहे. प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयात संगणक कक्ष पाहिला होता. यंत्रे उत्तम होती, त्यांवर प्लॅस्टिकची आच्छादने होती आणि दाराला कुलूप होते. यंत्र बिघडले तर जबाबदारी कोणाची, या भीतीपोटी ते वापरूच दिले जात नव्हते. जेथे कक्ष उघडा असतो तेथेही बहुधा प्राध्यापक पडद्यावर मजकूर दाखवितात आणि विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात. खडू-फळ्याची जागा पडद्याने घेतली, विद्यार्थ्याची जागा मात्र बदलली नाही.

या बाबतीत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम अभ्यासण्याजोगा आहे. दहा मिनिटांच्या आसपासचे लहान पाठ, त्यांचे मराठीसह भारतीय भाषांतील निवेदन आणि इंटरनेट नसतानाही ते चालविता येण्याची सोय, ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. पडद्याच्या एका बाजूस पाठ चालू ठेवावा आणि दुसऱ्या बाजूस तीच कृती विद्यार्थ्याने करून पाहावी, अशी त्याची पद्धत आहे. पाहणे आणि करणे यांत अंतर राहू नये, हे त्यामागील तत्त्व आहे आणि ते कोणत्याही विषयास लागू पडते.

मराठी अक्षराचा प्रश्न

पाठांकडे वळण्यापूर्वी एका तांत्रिक बाबीचा खुलासा करणे आवश्यक आहे, कारण मराठी माध्यमाच्या महाविद्यालयांचे पुष्कळ श्रम तीमुळे वाया गेले आहेत. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला क्रमांक कळतो. पूर्वीच्या अनेक मराठी टंकांत रोमन अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे केवळ चित्र बसविलेले असे. तो टंक ज्या संगणकावर असेल तेथेच मजकूर मराठीत दिसे. दुसऱ्या संगणकावर तोच मजकूर उघडला की रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग समोर येई. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक प्रमाणात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोठेही उघडतो, त्यातील शब्द शोधता येतो, तो अकारविल्हे लावता येतो आणि अंधांसाठीच्या वाचक-यंत्राला तो मोठ्याने वाचताही येतो.

पूर्वी काम केलेल्या एका कार्यालयात प्रस्तुत लेखकास याचा कटू अनुभव आला. अनेक वर्षांची प्रसिद्धिपत्रके व लेख जुन्या टंकांत साठविलेले होते. संगणक बदलले, तो टंक नव्या यंत्रांवर चालेना आणि सर्व मजकूर डोळ्यांसमोर असूनही वाचता येईना. कागदावरच्या जुन्या फाइली मात्र धूळ झटकताच वाचता आल्या. म्हणूनच प्राध्यापकांनी आपल्या टिपणांची, प्रश्नपत्रिकांची व विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची भाषा युनिकोडमध्येच ठेवावी. इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकलेखन शिकणे हा प्रत्येक पदवी विद्यार्थ्याच्या प्रशिक्षणाचा पहिला भाग असावा. त्यासाठी रोजचा अर्धा तास राखून ठेवला तर फार मोठा खर्च लागत नाही.

पाठ पहिला : पाठभेद

हा पाठ मराठी विषयाच्या अथवा भारतीय ज्ञानप्रणालीच्या वर्गासाठी आहे. चार-चार विद्यार्थ्यांचे गट करावेत. प्रत्येक गटात एक मोबाईल असला तरी पुरे. नाथांचा एखादा लहान अभंग किंवा एखादे भारूड निवडावे आणि त्याच्या दोन निरनिराळ्या छापील आवृत्त्या ग्रंथालयातून मिळवाव्यात. गावातील एखाद्या भजनी मंडळाकडून तीच रचना ऐकून, त्यांची परवानगी घेऊन, तिचे ध्वनिमुद्रण करावे. अशा रीतीने एकाच रचनेची तीन रूपे हाती येतात.

नंतर संगणकावर तीन स्तंभांचा तक्ता करून प्रत्येक चरण समोरासमोर टंकलिखित करावा. जेथे शब्द वेगळा आहे तेथे रंगाने खूण करावी. चौथ्या स्तंभात भेदाचे कारण लिहावे. मुद्रणदोष आहे काय ? जुन्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द आला काय ? गाताना तालासाठी अक्षर वाढले काय ? चरणाची अक्षरसंख्या मोजली तर कोणता पाठ बसतो ? कारण सापडले नाही तर तसे प्रामाणिकपणे लिहावे. पाचव्या स्तंभात आधार नोंदवावा : कोणती आवृत्ती, कोणते वर्ष, कोणते पृष्ठ, कोणाच्या मुखातून, कोणत्या दिवशी.

या एका कामातून विद्यार्थ्यास टंकलेखन, तक्ता करणे, ध्वनिमुद्रण, आधार देण्याची शिस्त आणि सूक्ष्म वाचन अशी पाच कौशल्ये मिळतात. शिवाय समाजमाध्यमांवर संतांच्या नावे फिरणारी रचना त्यांचीच आहे काय, हा प्रश्न तो आपण होऊन विचारू लागतो.

पाठ दुसरा : नाथसागराचे आकडे

भूगोल, अर्थशास्त्र व विज्ञान या वर्गांसाठी पैठणच्या उशाशीच एक मोठी प्रयोगशाळा आहे. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणास २७ दरवाजे आहेत. नाथसागर जलाशयाची एकूण साठवणक्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यांपैकी २,१७१ दशलक्ष घनमीटर हा उपयुक्त साठा आहे. उरलेला ७३८ दशलक्ष घनमीटर हा मृत साठा होय.

पाणीपातळीचे आकडे जलसंपदा खात्याकडून नियमितपणे प्रसिद्ध होतात. विद्यार्थ्यांनी ते एका सत्रभर तक्त्यात भरावेत आणि आलेख काढावा. पण तेथेच थांबू नये. उदाहरणादाखल, जलाशयात एका दिवशी एकूण १,००० दशलक्ष घनमीटर पाणी आहे असे धरू. एकूण क्षमतेशी तुलना केली तर साठा ३४ टक्के होतो. मृत साठा वजा करून उपयुक्त साठा काढला तर तो २६२ दशलक्ष घनमीटर, म्हणजे अवघा १२ टक्के भरतो. दोन्ही आकडे गणिताने खरे आहेत. मात्र रब्बीच्या आवर्तनाचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याला कोणता आकडा सांगितला, यावर त्याचा पेरणीचा निर्णय अवलंबून राहतो. टक्केवारी कशाची, हा प्रश्न विचारणारा एक विद्यार्थी घरात असला तर साऱ्या गावाचा लाभ होतो.

ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे पैठण शहरात पूर आला होता. त्या पुराच्या आठवणी गावकऱ्यांकडून ऐकून, पाणी कोठपर्यंत चढले त्या खुणा नकाशावर मांडण्याचे काम समाजसंपर्काच्या श्रेयांकासाठी देता येईल. असा नकाशा ग्रामपंचायतीस व नगरपरिषदेस आपत्ती व्यवस्थापनाच्या कामी उपयोगी पडेल. नाथसागर परिसर १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला असून हिवाळ्यात येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांच्या नोंदी ठेवणे हाही असाच एक उपक्रम होऊ शकेल.

पाठ तिसरा : मागावरची नक्षी

पैठणी विणण्याची कला हे या गावाचे जगभर पसरलेले नाव आहे. २०१० मध्ये पैठणीस भौगोलिक मानांकन मिळाले. पैठणीच्या पदरावरील नक्षी ताण्याचे धागे मोजून, रंगीत बाणा हाताने गुंफून उठविली जाते. चौकटीच्या कागदावर नक्षी मांडली तर एकेक चौकट म्हणजे धाग्यांची एकेक जागा होते. संगणकाच्या पडद्यावरील चित्रही अशाच लहान लहान चौकटींचे बनलेले असते. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जकार या फ्रेंच कारागिराने छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी मागावरची नक्षी नियंत्रित केली आणि पुढे संगणकाला सूचना देण्यासाठी तशाच छिद्रांच्या पत्त्यांचा उपयोग झाला. म्हणजे संगणकाचे मूळ शोधत गेले तर वाट विणकराच्या घरावरून जाते. ही गोष्ट पैठणच्या विद्यार्थ्यास सांगितली तर त्याला यंत्र परके वाटणार नाही.

या पाठात विद्यार्थ्यांनी मोर, मुनिया, असावली यांसारखी एखादी नक्षी निवडून ती संगणकावरील चौकटींच्या तक्त्यात रंगवावी. विणकर काका-मावशींना भेटून नक्षीचे स्थानिक नाव, लागणारे दिवस आणि रंगांची जुळणी यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करावी. येथे एक दंडक कटाक्षाने पाळला पाहिजे. नक्षी ही विणकराची मिळकत आहे. तिचे चित्र त्याच्या संमतीवाचून कोठेही प्रसिद्ध करू नये आणि संमती घेताना त्याचा उपयोग कशासाठी होणार ते त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे. ज्या विद्यार्थ्याचे आईवडीलच मागावर बसतात, त्याच्या घरचे ज्ञान वर्गात प्रथमच अभ्यासाचा विषय होते. पदवी आणि घरचा धंदा यांच्यातील दुरावा कमी करण्याचा हाही एक मार्ग आहे.

यंत्राने लिहिलेले उत्तर

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. प्रश्न विचारताच ही साधने निबंध लिहून देतात, ओवीसारखी ओवीही रचून देतात. भाषा सफाईदार असते, परंतु त्यात न घडलेली घटना, नसलेले पुस्तक आणि कोणी न केलेले विधान बेमालूम मिसळलेले असू शकते. नाथांनी ज्या घुसडलेल्या ओव्यांविषयी बजावले होते, त्यांचीच ही नवी आवृत्ती म्हणावयाची. पूर्वी नकलकाराला एक ओवी घालण्यास बसून विचार करावा लागे. आता ते काम क्षणात होते.

अशा साधनांवर सरसकट बंदी घालून ती पाळली जाईल असे मानणे व्यवहार्य नाही. त्याऐवजी मूल्यमापनाची रीत बदलावी. विद्यार्थ्याने केवळ अंतिम उत्तर न देता आपला तक्ता, पहिला मसुदा, केलेल्या दुरुस्त्या व आधार हेही सादर करावेत. प्रत्येकाची दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घ्यावी आणि ‘हा पाठ तू का स्वीकारलास ?’ एवढे विचारावे. ज्याने काम केले आहे तो अडखळत का होईना, पण उत्तर देतो. यंत्राचेच एखादे उत्तर वर्गात वाटून त्यातील चुका ग्रंथालयाच्या साह्याने शोधून काढण्यास सांगणे, हाही उत्तम स्वाध्याय होईल.

शिक्षकांची तयारी

या सर्व उपक्रमांचा कणा शिक्षक आहेत. यंत्राविषयी त्यांना विद्यार्थ्यांपेक्षा कमी माहिती असली तर त्यात संकोचण्याचे कारण नाही. कळ कोठे दाबावी हे विद्यार्थी शिकवील. आधार कसा तपासावा हे शिक्षक शिकवील. पहिल्या सत्रात एकाच वर्गात एकच पाठ घ्यावा. चित्रफिती दाखवावयाच्या असल्यास लहान दाखवाव्यात व त्या महाविद्यालयातच उतरवून घेण्याची सोय करावी, म्हणजे विद्यार्थ्याचा इंटरनेटचा खर्च वाचेल. वीज गेली तरी तास अडू नये म्हणून प्रत्येक पाठाचे कागदावर करण्याजोगे रूपही तयार ठेवावे. संगणक कक्ष सांभाळण्याची पाळी विद्यार्थ्यांच्या समितीकडे द्यावी. जबाबदारी वाटली गेली की कुलूप आपोआप निघते. सत्राअखेर झालेले काम ग्रंथालयात दोन प्रतींत ठेवावे, एक संगणकावर व एक कागदावर.

पंचायतींचा वाटा

विद्यार्थी दिवसाचे चार-पाच तास महाविद्यालयात असतो आणि उरलेला वेळ आपल्या गावात. म्हणून हे काम केवळ विद्यापीठाचे नाही. भारतनेट योजनेचा उद्देशच ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची जोडणी नेणे हा आहे. जेथे ही जोडणी चालू आहे, तेथे संध्याकाळी दोन तास पंचायतीच्या सभागृहात विद्यार्थ्यांना बसू द्यावे. त्यासाठी टेबल, चार खुर्च्या, दिवा व एक जबाबदार व्यक्ती एवढ्याची आवश्यकता आहे. मुलींसाठी वेळ स्वतंत्र व उजेडी ठेवली आणि बचत गटातील एखाद्या ताईंची तेथे उपस्थिती असली, तर पालक निःशंकपणे त्यांना पाठवतील.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अनेक गावांत आहेत. ग्रंथालय व संगणक एकाच छताखाली आले तर पुस्तक व पडदा ताडून पाहण्याची सवय लागेल. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा तयार करताना ग्रामसभेत हा विषय मांडावा आणि त्या सभेस गावातील महाविद्यालयीन मुला-मुलींना आवर्जून बोलवावे. आपल्याला काय हवे ते त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही. त्यांनी तयार केलेला पाणीपातळीचा आलेख किंवा पुराच्या खुणांचा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवला गेला, तर शिक्षणावरील खर्चाचे फळ गावाला प्रत्यक्ष दिसेल.

समारोप

साधने येतात आणि जातात. ‘एज्युसॅट’ची कारकीर्द संपून अनेक वर्षे झाली. आज जे व्यासपीठ नवे वाटते तेही उद्या जुने होईल. ज्या विद्यार्थ्याला केवळ त्या साधनाची कळ दाबणे शिकविले, त्याचे शिक्षण साधनाबरोबरच जुने होते. ज्याला ताडणे, पारखणे आणि आधारासह मांडणे शिकविले, तो कोणत्याही नव्या साधनासमोर निर्धास्तपणे बसू शकतो.

पैठण तालुक्यातून सकाळच्या एस. टी. ने महाविद्यालयात येणाऱ्या, घरातील एकुलता मोबाईल रात्री अर्धा तास हाती मिळणाऱ्या मुलीसाठी हा अर्धा तास कसा सार्थ करावयाचा, हा विचार विद्यापीठाने, शिक्षकांनी आणि तिच्या गावच्या पंचायतीने मिळून करावयाचा आहे. येत्या सत्राच्या आरंभी एक वर्ग, एक पाठ आणि संध्याकाळी उघडा असलेला एक दिवाणखाना, एवढ्याने सुरुवात करता येईल.